वाचक विचारतात: बुरशीच्या नावामागची शेपटी

प्रश्न: आमची गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पोफळीची बाग, मुलगी बॉटनी शिकते. तिच्या नोट्समध्ये बटाट्याच्या करप्याच्या बुरशीचं नाव 'फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स (मोंट.) डी बारी' असं दिलंय. ही मागची शेपटी कसली? आणि आमच्या कोळेरोगाशी (पावसात सुपारी सडून गळते तो) हिचं काही नातं?
– एक वाचक, वाळपई

उत्तर: ती नाव देणाऱ्यांची सही समजा. मोंट. म्हणजे फ्रान्सचा मोंटान्य, आयर्लंडात बटाटा सडायला लागला त्याच 1845 साली त्याने हिला बोट्रायटिस इन्फेस्टन्स म्हटलं. मग आला जर्मन आंतोन डी बारी (1831–1888), शिकला डॉक्टरकी पण जीव रमला बुरशीत, तोवर बरेच जण म्हणायचे की झाड आधी सडतं नि मग बुरशी उपजते, ह्या पठ्ठ्याने 1861त निरोगी झाडाला बुरशी लावून दाखवलं की रोग तीच करते. 1876 मध्ये त्याने तिच्यासाठी फायटोफ्थोरा हे नवं जीनस (जवळच्या जातींचा गट) काढलं. नियम असा की पहिलं नाव देणारा माणूस कंसात, दुसऱ्या जीनसमध्ये हलवणारा बाहेर. मोंटान्यचं श्रेय तेवढं राहिलं, बरंच झालं!

कोळेरोगही फायटोफ्थोराचाच. गंमत म्हणजे हिला आता खरी बुरशी मानतच नाहीत, पेशीभित्तिका मुख्यतः सेल्युलोजची, नातं समुद्रातल्या तपकिरी शेवाळाशी. हिचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात, म्हणून ऐन पावसात सुपारी गळते, तेव्हा एक टक्का बोर्डो मिश्रणाची (मोरचूद नि चुना) पहिली फवारणी पाऊस सुरू व्हायच्या आतच घडांवर नीट बसायला हवी, दुसरी साधारण 40-45 दिवसांनी, उघडीप बघून.