प्रताधिकार, स्वामित्वहक्क की नुसता हक्क?

प्रश्न: आमच्या गावच्या साहित्य संमेलनाच्या स्मरणिकेत यंदा जगभरच्या प्रकाशकांच्या संघटनेवर एक अनुवादित लेख घेतोय. ‘कॉपीराइट’ला अनुवादकानं एका परिच्छेदात प्रताधिकार लिहिलंय, दुसऱ्यात स्वामित्वहक्क. ‘फ्रीडम टू पब्लिश’ला मुद्रणस्वातंत्र्य केलंय. शिवाय आतल्या पानावर छापखान्यानं आपणहून ‘सर्वाधिकार सुरक्षित’ टाकून दिलंय. यातलं काय ठेवू, काय काढू? (बेळगाव तालुक्यातल्या एका साहित्य संघाचे कार्यवाह)

उत्तर: लेखात सगळीकडे ‘प्रताधिकार’ करा. ‘मुद्रणस्वातंत्र्य’ काढून ‘प्रकाशनस्वातंत्र्य’ घाला. आतल्या पानावर मात्र कोरडा शब्द नको, तिथे धड क्रियापद असलेलं वाक्य छापा. अंक छापायला गेला असेल आणि घाई असेल तर एवढं पुरे.

प्रताधिकारावर व्याकरणाचा एक आक्षेप नेहमी येतो. ‘प्रत’ हा मराठी शब्द, संस्कृत ‘प्रति’वरून आलेला, त्याला ‘अधिकार’ जोडून संस्कृत पद्धतीचा संधी कसा काय केला? करायचाच तर ‘प्रत्यधिकार’ करा. हा आक्षेप घेणारे सद्गृहस्थ ‘जिल्हाधिकारी’ हा शब्द बिनतक्रार वापरतात. त्यातला जिल्हा अरबी आहे. तेव्हा तो मुद्दा सोडून देऊ. हिंदीत कॉपीराइटच्या कायद्याचं नाव ‘प्रतिलिप्यधिकार अधिनियम’ असं आहे. ते एकदा मोठ्यानं म्हणून बघा, मग प्रताधिकाराबद्दल तक्रार राहणार नाही.

खरी अडचण अर्थाची आहे. मताधिकार म्हणजे मत देण्याचा अधिकार, आणि तो मतदाराचा असतो. त्याच चालीवर प्रताधिकार म्हणजे प्रत काढण्याचा अधिकार, आणि वाचणाऱ्याला सहज वाटतं की तो आपलाच. ‘प्रताधिकार आहे म्हणजे झेरॉक्स काढायला हरकत नाही ना?’ असं कॉलेजातल्या पोरानं विचारलं तर त्याला हसू नका. कोर्टात, तालुक्याच्या कचेरीत आपण पैसे भरून नक्कल काढतो, ती आपल्या हक्काची असते. इथे नेमकं उलटं आहे. हा प्रती काढण्याचा अधिकार खरा, पण जोर ‘दुसऱ्यांनी काढू नयेत’ यावर आहे. म्हणून हा शब्द कधी एकटा सोडू नये. ‘प्रताधिकार लेखिकेकडे’, ‘प्रताधिकार अमुक यांच्या वारसांकडे’ असा धनी सोबत दिला की घोळ मिटतो.

आता स्वामित्वहक्क. हा शब्द वर्तमानपत्रांत भरपूर चालतो आणि ऐकायला भारदस्तही आहे. माझा त्याला विरोध आहे, आणि आपल्या भागात तर जास्तच. आपल्याकडे ‘हक्क’ म्हटलं की आधी शेतीचा उतारा डोळ्यांपुढे येतो. ‘स्वामित्व’ म्हटलं की गावठाणातल्या घरांची ड्रोननं मोजणी करून कार्डं देणारी केंद्राची योजना आठवते. दगड-वाळूच्या उपशावर सरकार घेतं तेही स्वामित्वधन आणि प्रकाशक लेखकाला देतो तेही स्वामित्वधन! संमेलनात ग्रंथदिंडी संपल्यावर स्टॉलवरून तुम्ही पुस्तक विकत घेतलंत, तर त्या प्रतीचे स्वामी तुम्ही झालात. ती वाचनालयाला द्या, मेहुण्याला द्या, जुन्या बाजारात विका, कुणी अडवणार नाही. पण तिच्यावरून दुसरी आवृत्ती छापता येणार नाही. हे दोन निरनिराळे अधिकार एकाच ‘स्वामित्व’ शब्दात कोंबले की वाचकाला दोन्ही कळत नाहीत.

शिवाय जमिनीच्या स्वामित्वाला मुदत नसते, याला असते. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात ती लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षं होती. रवींद्रनाथ टागोर गेले १९४१ साली, म्हणजे त्यांचं सगळं लेखन १९९१ अखेर मोकळं व्हायचं होतं. ते पुढे ढकलायला मुदत साठ वर्षं केली, आणि ती सगळ्यांनाच लागू झाली. साठ वर्षं मृत्यूच्या दिवसापासून मोजत नाहीत, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले. त्यांचं त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांना खुलं झालं.

आपल्या गल्लीत शेजारी कन्नड असल्यामुळे तिकडेही डोकावू. कन्नडमध्ये ‘हक्कुस्वाम्य’ आणि ‘कृतिस्वाम्य’ हे दोन्ही शब्द चालतात. ‘हक्कु’ आणि आपला ‘हक्क’ हे एकाच अरबी घरातले. ‘कृतिस्वाम्य’ मला मनापासून आवडतो, कारण त्यात प्रत नाही, कृती आहे. कायदा जपतो ती लेखकाची रचना. प्रत काढणं हा तिच्या अधिकारांपैकी एक. अनुवाद, रूपांतर, जाहीर सादरीकरण हेही त्यातच येतात. स्मरणिकेला कन्नड पुरवणी जोडणार असाल तर तिथे ‘कृतिस्वाम्य’ घ्या. मराठीत मात्र प्रताधिकार आता रुळलाय, तो उखडायला नको.

‘हक्क दिले’ हा शब्दप्रयोगही धोक्याचा आहे. दिले म्हणजे विकले की वापरायला दिले? शेत खंडानं देणं आणि खरेदीखत करून देणं यांत जेवढा फरक, तेवढाच परवाना आणि हस्तांतरण यांत आहे. आपल्याकडचे अनेक लेखक पुस्तक कोल्हापूर-पुण्याच्या प्रकाशकाला देतात आणि बोलताना ‘हक्क देऊन टाकले’ म्हणतात. कायद्यानं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. राज्याची हद्द इथे आड येत नाही, कायदा केंद्राचा आहे. बेळगावच्या लेखकाला कोल्हापुरात वेगळं संरक्षण मागावं लागत नाही. आणि खरेदीखत झालं तरी एक गोष्ट लेखकापाशीच उरते: लेखन आपलं आहे असं म्हणण्याचा आणि मोडतोडीनं नावाला बट्टा लागत असेल तर हरकत घेण्याचा अधिकार. कायद्याचं कलम ५७ त्यासाठीच आहे. ‘विकलं, आता माझं काय उरलं?’ म्हणणाऱ्या कवींना हे कलम आवर्जून दाखवावं.

‘सर्वाधिकार सुरक्षित’ हा हिंदीतून आलेला साचा. मराठीतला जुना साचा ‘सर्व हक्क स्वाधीन’, आणि त्याहून जुना तर पूर्ण वाक्यच होता: ‘या पुस्तकासंबंधी सर्व हक्क ग्रंथकर्त्याने आपणाकडे ठेविले आहेत.’ त्याच्याजवळच ‘सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे रजिस्टर केले आहे’ असंही छापत. मला ते जुनं वाक्य आजही सरस वाटतं. त्यात कर्ता आहे, क्रियापद आहे, हक्क कुणी ठेवले ते कळतं. ‘सुरक्षित’ म्हणजे कुणापासून, कुणासाठी? तो १८६७ चा कायदा आता गेला. त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या कायद्यात पुस्तकं नाहीत, फक्त नियतकालिकं आहेत.

इंग्रजी साचाही काही आभाळातून पडलेला नाही. अमेरिका खंडातल्या देशांनी १९१० साली ब्वेनोस आयर्सला एक करार केला, त्यात हक्क राखल्याचं विधान पुस्तकावर छापावं लागे. वर्तुळातला सी, नाव आणि वर्ष ही त्रयी १९५२ च्या जिनिव्हा कराराची. पण या सगळ्याच्या आधीचा आणि सगळ्यांना पुरून उरलेला करार म्हणजे १८८६ चा बर्न करार. एका सदस्य देशातल्या लेखकाला दुसऱ्या सदस्य देशानं आपल्या लेखकासारखंच वागवायचं, हे त्याचं मूळ सूत्र. आणि १९०८ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी नोंदणी नको, शिक्का नको, खूण नको. भारत १९२८ पासून त्यात आहे. म्हणजे स्मरणिकेवर काहीच छापलं नाही तरी खानापूरच्या कवीची कविता फ्रान्समध्ये संरक्षित असते. छापायचं ते वाचकाला माहिती म्हणून.

तुमच्या लेखातली संघटना याच करारामागोमाग उभी राहिली. १८९६ साली पॅरिसमध्ये स्थापना, आज मुख्यालय जिनिव्हात. सदस्य म्हणजे मुख्यतः देशोदेशींच्या प्रकाशक संस्था. भारतातून दिल्लीचा प्रकाशक महासंघ आहे. मराठीत ‘आंतरराष्ट्रीय प्रकाशक संघटना’ म्हणा. इथे शुद्धलेखनवाल्यांसाठी थोडं अवांतर. र् पुढे र आला की संस्कृतात पहिला लोपतो आणि आधीचा स्वर दीर्घ होतो: निर् + रस = नीरस. त्या हिशेबानं ‘अंताराष्ट्रीय’ व्हायला हवं, आणि कन्नड वर्तमानपत्रं खरोखरच तसं छापतात. मराठीनं ‘आंतरराष्ट्रीय’ रुळवलं, तेच ठेवा. त्याच नियमानं ‘पुनर्रचना’सुद्धा ‘पुनारचना’ व्हावी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेशी आपलं भांडण अर्थात व्याकरणाचं नाही.

मुद्रणस्वातंत्र्य का नको? शब्द वाईट नाही, एकोणिसाव्या शतकातला आहे. तेव्हा छापखान्यावर ताबा म्हणजे विचारावर ताबा होता. जुन्या पुस्तकांत मुद्रक वेगळा, प्रकाशक वेगळा, दोघांची नावं कायद्यानं छापावी लागत. आज ई-पुस्तकाला मुद्रकच नसतो. ‘प्रसिद्ध करणे’ हे जुनं क्रियापद छान होतं, पण ‘प्रसिद्धिस्वातंत्र्य’ म्हटलं की लोकांना फ्लेक्सवरचे फोटो आठवतील. उरतं प्रकाशनस्वातंत्र्य. त्यालाही एक खोड आहे: आपल्याकडे ‘प्रकाशन’ म्हणजे हार-तुरे आणि पाहुण्यांच्या हस्ते फीत सोडणं. त्या सोहळ्याला मिळणारी किंवा नाकारली जाणारी परवानगी हा सभास्वातंत्र्याचा विषय. घटनेच्या कलम १९ मध्ये तो भाषण-अभिव्यक्तीहून वेगळा सांगितलाय. लेखात पहिल्यांदा ‘पुस्तक प्रकाशित करण्याचं स्वातंत्र्य’ असं उलगडून लिहा, पुढे जोडशब्द वापरा. आणि ‘अभिव्यक्तिस्वातंत्र्य’ लिहिताना समासात ‘ति’ ऱ्हस्व.

अनुवादात ‘बंदी घातलेली पुस्तके’ असंही असणार. बोलताना आपण बंदीच म्हणतो. कायद्यात मात्र शब्द आहे सरकारजमा करणे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९५, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ९८. राज्य सरकार कारणं देऊन अधिसूचना काढतं, आणि मग पोलिसांना ती प्रत भारतात कुठेही सापडली तरी ताब्यात घेता येते. म्हणजे अधिसूचना बेंगळुरूची असली तरी कोल्हापूरच्या दुकानातली प्रत सुटत नाही. हितसंबंध असलेल्या कुणालाही दोन महिन्यांत हायकोर्टात दाद मागता येते, आणि ती ऐकायला तीन न्यायाधीश बसतात. एवढं सगळं ‘बंदी’ या शब्दात दिसत नाही. निदान एकदा तरी ‘सरकारजमा’ लिहाच.

एक गोष्ट अनुवादकानं नीट सांभाळायला हवी. ही संघटना प्रताधिकार आणि प्रकाशनस्वातंत्र्य या दोन्हींचा एका दमात उच्चार करते, दुसऱ्यासाठी फ्रेंच लेखक व्होल्तेरच्या नावानं प्रकाशकांना पुरस्कारही देते. मराठीत दोन्हींना ‘हक्क’ म्हटलं की ते एकसारखे वाटतात. वास्तविक पहिला इतरांना अडवायला आहे आणि दुसरा स्वतःला कुणी अडवू नये म्हणून. शिवाय पहिल्याला मर्यादाही आहेत. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानाविरुद्ध तीन मोठे परदेशी प्रकाशक कोर्टात गेले, तेव्हा २०१६ साली दिल्ली हायकोर्टानं शिकवण्यासाठी काढलेल्या प्रतींना कायद्यातच सूट आहे असं धरलं. अंधांना वाचता येतील अशा प्रतींसाठी २०१३ मध्ये माराकेशला करार झाला, आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत. म्हणून एकाला ‘अधिकार’ आणि दुसऱ्याला ‘स्वातंत्र्य’ असंच ठेवा. दोन्हीकडे ‘हक्क’ नको.

आतल्या पानासाठी हा मजकूर घ्या: ‘या अंकातील प्रत्येक लेखाचा प्रताधिकार त्या त्या लेखकाकडे आहे. पुनर्मुद्रण किंवा अनुवादासाठी लेखकाची लेखी परवानगी घ्यावी.’ संघानं स्वतःच्या नावानं ‘सर्वाधिकार’ छापणं म्हणजे जे आपल्याला कुणी दिलंच नाही त्यावर दावा सांगणं. फुकट लिहून देणाऱ्यांच्या बाबतीत तर ते शोभतही नाही.

आणि प्रताधिकारावरचा हा जो लेख अनुवादित करून घेतलाय, त्याच्या मूळ प्रकाशकाची परवानगी आणली आहे का? अनुवादाचा अधिकार मूळ लेखकाचा, किंवा त्यानं तो ज्याला दिला त्याचा असतो, बर्न करारानं तो बेळगावातही लागू आहे. पत्र आलं असेल तर वरच्या मजकुराखाली ‘अनुवादित लेख मूळ प्रकाशकाच्या परवानगीने’ ही ओळ वाढवा. आलं नसेल तर त्यातली माहिती घेऊन आपल्यातल्याच कुणाला तरी स्वतःच्या शब्दांत लेख लिहायला सांगा. माहितीवर प्रताधिकार नसतो, मांडणीवर असतो.