जलपर्णी काढली तरी परत का येते?

प्रश्न : पवई तलावातली जलपर्णी महापालिका यंत्रे लावून काढते, तरी काही महिन्यांत पाणी दिसेनासे होते. औषध फवारून एकदाचा निकाल का लावत नाहीत? (एक वाचक, पवई)

उत्तर : जलपर्णीला पसरायला बीसुद्धा लागत नाही. रोपाच्या बुंध्यातून आडवी दांडी निघते, तिच्या टोकाला नवे रोप धरते. दांडी तुटली की ते वेगळे वाढू लागते. सांडपाणी मिसळलेल्या कोमट पाण्यात १-२ आठवड्यांत ती दुपटीने वाढते. २ आठवडे धरले आणि तलावाचा ५ टक्के भाग तसाच राहिला, तर ८ आठवड्यांत ८० टक्के! म्हणून यंत्र पोचत नाही त्या काठच्या गवतात अडकलेली रोपे होडीतून हाताने वेचावीच लागतात. शिवाय फूल कोमेजले की दांडा पाण्याकडे वाकतो आणि बी गाळात पडते. ते १५-२० वर्षेही टिकते. वरचा थर निघून ऊन लागले की रुजते. त्यामुळे एकदा काढून भागत नाही, दर पंधरवड्याला फेरी हवी.

मुख्य काढणी मेअखेर उरकावी. पावसात तलाव भरून वाहू लागला की रोपे थेट मिठी नदीत जातात. काढलेल्या ढिगात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असते. २-३ दिवस निथळू दिले तर वाहतूक पुष्कळ हलकी होते. पण ढीग काठाला लागून नको, कुजलेला रस पुन्हा तलावात उतरतो. मुळे शिसे, कॅडमियम शोषून घेतात, म्हणून तपासणीशिवाय या ढिगाचे खत भाजीला घालू नये.

तणनाशकाने रोप मरते, पण बुडून तिथेच कुजते. पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात. पवईत मगरीही आहेत. जलपर्णी खाणारे निओकेटिना भुंगेरे भारतात १९८०च्या दशकात सोडले गेले. त्यांना काही वर्षे लागतात, आणि यंत्राने काढलेल्या रोपांबरोबर तेही निघून जातात. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदाने (नायट्रोजन-फॉस्फरसने) भरलेल्या पाण्यात तर रोप त्यांच्या खाण्यापेक्षा वेगाने वाढते. तलावात येणारे सांडपाणी वळवणे हाच खरा इलाज. काढणीवरचा खर्च कितीही वाढवला तरी त्याची जागा भरून निघत नाही, असे आम्ही ठामपणे सांगू.

प्रश्न : टाकीतला सकर मासा फूटभर झालाय. तलावात सोडू का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : कृपया सोडू नका. हा दक्षिण अमेरिकेतला मासा काठात बिळे करून अंडी घालतो, त्याने काठ ढासळतो. त्याच्या कडक, काटेरी अंगाने कोळ्यांची जाळी फाटतात. दुकानदाराला परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या कुणाला द्या. टाकीतल्या वनस्पती उन्हात कडकडीत वाळवून ओल्या कचऱ्यात टाका. बदललेले पाणी नाल्यात न ओतता कुंड्यांना घाला.