बिलावर ‘डीप कॅमिओ’, गिन्नीवर नाही

प्रश्न: मी भुसावळचा, रेल्वेतून निवृत्त. दहा महिन्यांपूर्वी जळगावच्या एका नाणेविक्रेत्याकडून सहाव्या जॉर्जची 1937ची प्रूफ गिन्नी 6 लाख 40 हजारांना घेतली. बिलावर ‘प्रूफ, डीप कॅमिओ’ असं लिहिलंय. मुलीच्या लग्नात तिला द्यायची म्हणून ग्रेडिंग, म्हणजे तज्ज्ञांकडून दर्जाची तपासणी, करून घेतली, तर ‘प्रूफ 62’ एवढंच आलं, कॅमिओचं नावच नाही. विक्रेता म्हणतो, सोनं चोख आहे, वजन पूर्ण आहे, चमक ज्याच्या त्याच्या नजरेची. मी ती एकदा मऊ फडक्याने पुसली होती, हेही त्याला बोलून बसलो. काय करू?

उत्तर: भाऊ, फडक्याची गोष्ट आता परत घेता येणार नाही. तिच्यामुळे दाव्याचा एक भाग कच्चा होतो, सगळा नाही.

आधी माल समजून घेऊ. प्रूफ म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेलं नाणं. त्याची मोकळी जागा आरशासारखी असते आणि चेहरा, घोडा, ड्रॅगन हा उठाव दुधी, खरखरीत पोताचा. या दोन्हींतला फरक म्हणजे कॅमिओ, आणि तो खूप ठळक असला की डीप कॅमिओ. जुन्या काळी ठशाचा हा पोत काही नाणी पाडली की गुळगुळीत व्हायचा, त्यामुळे ठसा नवा असताना पडलेल्या नाण्यांतच तो ठळक सापडतो. आजच्या प्रूफ नाण्यांत तो जवळपास सगळ्यांवर असतो. तुमची गिन्नी ज्यांतली, ते 1937चे सोन्याचे प्रूफ संच अवघे 5,501, त्यातही ठळक फरकाची नाणी वेगळ्या भावाने जातात. शिवाय कॅमिओ दोन्ही बाजूंना लागतो. ड्रॅगन झकास पण राजाच्या गालावर पोत विरळ, तर ग्रेडिंगमध्ये कॅमिओचा शेरा मिळत नाही.

फडक्याने आरशावर बारीक रेघा पडतात. म्हणून ‘62’ या दर्जाच्या आकड्यावर भांडू नका, ते तुमच्या अंगावर येईल. पण ठशातूनच न आलेला पोत फडकं पुसून नेऊ शकत नाही. दावा तेवढ्यावर ठेवा.

‘एकदम भारी चमक, भाऊ’ ही दुकानदाराची वाहवा, कायदा तिकडे कानाडोळा करतो. ‘डीप कॅमिओ’ हे या धंद्यात ठरलेल्या अर्थाचं वर्णन आहे, आणि ते बिलावर आहे. मालविक्री कायदा 1930च्या कलम 15नुसार वर्णनावर विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे. दहा महिने ठेवल्यावर नाणं परत करून पूर्ण पैसे मागणं अवघड. कलम 59प्रमाणे किमतीतला फरक मागा. दोन्ही प्रकारच्या नाण्यांचे त्या काळातले लिलावाचे भाव जमवा.

जळगावला सोन्याचा व्यवहार कसोटीच्या दगडावर आणि शब्दावर चालत आला. पण दगड शुद्धता सांगतो, पोत नाही. विक्रेत्याचं ‘सोनं चोख’ हे उत्तर म्हणून तुमच्या प्रश्नाला लागूच होत नाही.

आधी नोटीस पाठवा, मग जिल्हा ग्राहक आयोगात जा. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं, तुमच्या रकमेला शुल्क 200 रुपये. समोरचा म्हणेल, नफ्यासाठी घेतली म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. लग्नासाठी घेतल्याचं शपथपत्रात स्पष्ट लिहा. नाणी घेऊन विकण्याचा जोडधंदा असेल तर मात्र आधी मला सांगा.

विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो जपा, पण त्यांच्यावर फार विसंबू नका. तिरका प्रकाश टाकला की कुठलंही प्रूफ काळं-पांढरं दिसतं. ते पुराव्यात द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियम 2023च्या कलम 63चं प्रमाणपत्र लागेल. ग्रेडिंगच्या लेबलवर भागणार नाही. नाणी ओळखणाऱ्या जाणकाराचं शपथपत्र जोडा.

पोलिसांत आत्ता जाऊ नका. फसवणुकीत सुरुवातीपासूनची लबाडी दाखवावी लागते, आणि तुमच्याकडे अजून फक्त चुकीचं वर्णन आहे.

गिन्नी स्लॅबमध्येच, म्हणजे ग्रेडिंगवाल्यांच्या सीलबंद प्लास्टिकच्या डबीतच, राहू द्या. लग्नात पाहुण्यांना दाखवायला स्लॅब फोडलात, तर तपासलेलं नाणं हेच, हे कोणी सिद्ध करायचं?