गटांचे प्रसरण वेगळे असेल तर सरासरीची तुलना कशी करावी?

प्रश्न : उसाचे ठिबकवरचे 10 आणि पाटपाण्यावरचे 40 प्लॉट घेतले. ठिबकची सरासरी एकरी 6 टनांनी जास्त आली. प्रमाण विचलन ठिबकचे 12 टन, पाटपाण्याचे 4 टन. नेहमीच्या टी-चाचणीत (दोन सरासऱ्यांची तुलना करणारी) पी-मूल्य (खरा फरक नसतानाही एवढा किंवा जास्त फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) 0.01 येते. मार्गदर्शक म्हणतात, आधी लेव्हीन चाचणी (गटांचे प्रसरण सारखे आहे का हे तपासणारी) करा. फरक खरा धरू का?

उत्तर : इतक्यात नको. नेहमीची टी-चाचणी दोन्ही गटांचे प्रसरण (प्रमाण विचलनाचा वर्ग, म्हणजे आकडे किती विखुरले आहेत त्याचे माप) सारखेच आहे असे धरून चालते. तुमचे एकत्रित प्रसरण 40 निघते, कारण त्यात 40 प्लॉटांच्या गटाचा भार जास्त. त्यामुळे प्रमाण त्रुटी (सरासरीतल्या फरकाची अनिश्चितता) 2.24 आणि टी (फरक ÷ प्रमाण त्रुटी) 2.68. पण सगळी अनिश्चितता आहे ती त्या 10 प्लॉटांत, आणि तीच इथे दबली जाते. लहान गटाचे प्रसरण मोठे, ही सर्वांत धोक्याची जोडी. मोठ्या गटाचे प्रसरण मोठे असते तर उलट झाले असते; खरा फरकही निसटला असता.

वेल्च यांची पद्धत वापरा. प्रत्येक प्रसरणाला त्याच गटाच्या संख्येने भागा : 144 ÷ 10 = 14.4 आणि 16 ÷ 40 = 0.4. बेरीज 14.8, वर्गमूळ 3.85. टी = 6 ÷ 3.85 = 1.56. डिग्री ऑफ फ्रीडम (टीवरून पी-मूल्य काढताना लागणारी, स्वतंत्र माहितीची संख्या) : 14.8 च्या वर्गाला (14.4² ÷ 9 + 0.4² ÷ 39) ने भागा, 48 ऐवजी साधारण 9.5 उरतात. पी-मूल्य 0.15 च्या आसपास. एवढ्यावर ठिबकच्या बाजूने निष्कर्ष काढता येत नाही.

एक्सेलच्या टी.टेस्ट सूत्रात शेवटचा आकडा 3 द्या. 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकप्रणालीत वेल्च आपोआपच होते.

लेव्हीन चाचणीवरून पद्धत निवडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. नमुना लहान असला की ती प्रसरणातला मोठा फरकही पकडत नाही, आणि आधी एक चाचणी करून दुसरी निवडली की, नसलेला फरक आहे असे म्हणण्याची चूक 5 टक्क्यांतच राहील ही हमी ढळते. थेट वेल्च करा. प्रसरणे सारखी निघाली तरी नुकसान सहसा नगण्य.

मात्र ते 12 टन आले कुठून, हे आधी पाहा. दहाही आकडे आलेखावर मांडा. एखाद्या प्लॉटात ड्रिपर तुंबले असतील तर वेल्च त्यावर उपाय नाही.

प्रश्न : तीन वाण असतील तर?

उत्तर : वेल्चचाच एकमार्गी अनोव्हा (दोनहून जास्त सरासऱ्यांची एकत्र तुलना) करा. नंतर जोड्यांच्या तुलनेसाठी टुकी पद्धतीऐवजी गेम्स-हॉवेल, कारण ती प्रसरणे सारखी धरत नाही.