गिटारच्या रियाजासाठी वेळ कुठून काढावा?

प्रश्न : स. न. वि. वि. मी अमळनेरला राहतो आणि नोकरीसाठी रोज रेल्वेने जळगावला अप-डाऊन करतो. सकाळी आठच्या आत घर सोडतो आणि परत यायला साडेसात वाजतात. वय ३९ आहे. तीन वर्षांपूर्वी हौसेने गिटार घेतली आणि चार महिने शिकवणी लावली. सी, जी, डी, ए मायनर आणि ई मायनर एवढ्या कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) येतात, पण एकीवरून दुसरीवर जाताना ताल तुटतो. आठवडाभर वेळ मिळत नाही म्हणून रविवारी सलग दोन तास बसतो. बोटांची आग होते आणि पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. वडील नऊ वाजता झोपतात, त्यामुळे रात्री वाजवण्याचा संकोच वाटतो. अशा धावपळीत शिकणे शक्य आहे का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : नक्कीच शक्य आहे, आणि त्यासाठी आपल्याला आजच्यापेक्षा जास्त वेळ लागणार नाही. आपल्या पत्रातले ‘सलग दोन तास’ हे शब्द मी थांबून पुन्हा वाचले, कारण खरी अडचण तिथेच आहे. रविवारी जे बसले ते सहा दिवसांच्या खंडात निसटते आणि पुढचा रविवार ते परत मिळवण्यातच खर्च होतो. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरांच्या माळा स्वतः पाठ करून केलेले प्रयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात त्याला असे आढळले की आदल्या एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जो परिणाम साधतो, तोच तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ आवृत्त्यांनी साधतो. ते प्रयोग अक्षरांचे होते, बोटांचे नव्हते. पण गिटार शिकवताना मी वर्षानुवर्षे हेच पाहत आलो आहे. सोमवार ते शनिवार रोज पंधरा मिनिटे वाजवले तर दीड तासच होतो, तरीही तो आपल्या रविवारच्या दोन तासांना मागे टाकेल.

बोटांच्या आगीचे कारणही हेच आहे. पोलादी तारा दाबून बोटांच्या टोकांना घट्टे पडावे लागतात आणि ते थोड्या थोड्या दाबाने, रोजच्या रोज पडतात. आठवड्यातून एकदा दोन तास दाबले की कातडी सोलवटते, मधल्या दिवसांत ती पुन्हा मऊ होते आणि घट्टा धरतच नाही. रोजच्या रियाजाने साधारण तीन-चार आठवड्यांत हा त्रास बराच कमी झालेला आपल्याला जाणवेल. डाव्या हाताची नखे मात्र बारीक कापलेली असू द्या.

आता ही पंधरा मिनिटे आणायची कुठून? माझे आपल्याला कळकळीचे सांगणे आहे की घड्याळात वेळ शोधू नका; दिवसात आधीच पक्क्या असलेल्या एखाद्या गोष्टीला रियाज जोडून द्या. साडेसातला घरी आल्यावर आपण हातपाय धुता, चहा घेता आणि मग जेवणाची वाट पाहता. त्या चहा आणि जेवणाच्या मधली जागा ही रियाजाची जागा. वडील तेव्हा जागे असतात, त्यामुळे संकोचाचाही प्रश्न उरत नाही. यासाठी एक गोष्ट आजच करा : गिटार पिशवीतून बाहेर काढा आणि आपण जिथे बसून चहा घेता तिथून हात पोहोचेल अशा ठिकाणी स्टँडवर किंवा भिंतीवरच्या खुंटीला ठेवा. मी स्वतः नोकरीत असताना माझी गिटार कपाटावर, चेन लावलेल्या पिशवीत असे. स्टूल आणा, पिशवी उतरवा, धूळ झटका, तारा जुळवा, एवढ्यात दमलेल्या माणसाचे मन फिरते. माझे एक अख्खे वर्ष असेच गेले आणि त्याची हळहळ मला अजून वाटते.

पंधरा मिनिटांत काय वाजवायचे हे आदल्या दिवशीच ठरलेले असावे. नाहीतर पाठ असलेले एखादे गाणे तीनदा वाजवून आपण उठाल. त्यात समाधान आहे, पण तो रियाज नव्हे. आपला ताल कॉर्ड बदलताना तुटतो, तर आपला रियाज म्हणजे फक्त तो बदल. सी आणि ए मायनर घ्या. तारा सर्वांत बारीक तारेपासून मोजायच्या, आणि फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. सीमध्ये तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर, मधले बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आणि अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर असते. ए मायनरकडे जाताना तर्जनी आणि मधले बोट जागचे हलवायचे नसते. एकटी अनामिका उचलून तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर ठेवायची असते. बहुतेक शिकणारे मात्र तिन्ही बोटे उचलतात आणि पुन्हा शोधत बसतात. हात अगदी सावकाश चालवून पाहा, आपलीही दोन बोटे विनाकारण उठत असतील. मोबाइलवर मेट्रोनोम (ठोके देणारे ॲप) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा आणि दर चार ठोक्यांनी कॉर्ड बदला, म्हणजे मिनिटात पंधरा बदल होतात. ते सगळे स्वच्छ वाजू लागले की दर दोन ठोक्यांनी बदला. सी ते जी हा बदल याहून अवघड आहे, कारण त्यात तिन्ही बोटांना जागा सोडावी लागते. तिथे उशिरा पोहोचणारे बोट कोणते ते हेरा आणि आठवडाभर तेच बोट आधी टेकवण्याचा सराव करा. एका आठवड्यात एकच बदल पुरेसा आहे.

गाडीतला वेळही आपण गृहीत धरलेला नाही, आणि तो तर रोजचाच आहे. डब्यात गिटार नेण्याची गरज नाही. धरणगाव सुटल्यापासून पाळधी येईपर्यंत जे गाणे बसवत आहात ते कानात लावून ऐका, मात्रा मोजा आणि कॉर्ड कुठे बदलते ते मनात नाव घेऊन म्हणा. उजवा हात मांडीवर टेकवून त्याच्या मनगटालाच गिटारची मान समजा आणि डाव्या हाताची बोटे त्यावर कॉर्डच्या आकारात ठेवा, उचला, पुन्हा ठेवा. बदल आधी डोक्यात पक्का झाला की बोटे लवकर ऐकतात.

रविवारी अर्धा तास मनसोक्त गाणी वाजवा, घरच्यांना ऐकवा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी माहेरी आल्या, घर भरले आणि चार दिवस गिटारला हात लागला नाही, तरी मनाला लावून घेऊ नका. पाचव्या दिवशी चहानंतर नेहमीच्या जागी बसा आणि राहिलेले भरून काढण्यासाठी तासभर वाजवू नका.

प्रश्न : मी भुसावळला रेल्वेत फिरत्या ड्यूटीवर आहे. कधी सकाळ, कधी दुपार, कधी रात्र. रोज ठरावीक वेळ पाळणे मला अशक्य आहे. शिवाय उन्हाळ्यात आमच्या पत्र्याच्या खोलीत बसवत नाही आणि तारा दाबायलाही जड जातात. काय करावे?
— एक वाचक भगिनी, भुसावळ

उत्तर : ताई, आपण ठरावीक वेळेचा हट्ट सोडून द्यावा. ड्यूटी कोणतीही असली तरी घरी येऊन आंघोळ आणि त्यानंतर जेवण हा क्रम आपला बदलत नसेल, तर त्या दोहोंच्या मध्ये दहा मिनिटे वाजवावे. अपवाद फक्त रात्रपाळीचा. रात्रभर जागून आल्यावर नवे काही शिकायला बसू नका; झोप पूर्ण करा आणि दुपारी उठल्यावर वाजवा, कारण दिवसा बोटांना शिकवलेले पक्के होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो. दररोजचा हिशेब न ठेवता आठवड्याचा ठेवा : सात दिवसांत पाच वेळा हात लागला तर तो आठवडा चांगला गेला. इतर झोपलेले असताना वाजवायचे असल्यास ब्रिजजवळ (गिटारच्या अंगावर तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या पट्टीजवळ) तारांखाली मऊ कापडाची घडी सरकवा आणि पिक (तारा छेडायची छोटी चकती) न घेता अंगठ्याने छेडा. आवाज खोलीबाहेर जात नाही आणि डाव्या हाताचा सराव पूर्ण होतो.

उन्हाळ्याची आपली तक्रार खरी आहे, आणि तिचा रियाजाशी थेट संबंध आहे, कारण दाबायला जड झालेली गिटार माणूस हातात घेणेच टाळतो. गिटारच्या लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. लाकूड आकसते, मान जरा वाकते किंवा सरळ होते, तारांची उंची बदलते, आणि फ्रेटपट्टी आकसल्यामुळे फ्रेटची टोके हाताला टोचू लागतात. पत्र्याखालच्या उष्णतेने डिंकाचे जोडही सैल होऊ शकतात. गिटार घरातल्या सर्वांत थंड, आतल्या भिंतीशी ठेवावी. पश्चिमेच्या भिंतीला टांगू नये आणि कूलरच्या थेट झोतातही ठेवू नये, कारण त्या दमट हवेने लाकूड फुगते आणि तारांना गंज चढतो. तारा तरीही जड वाटल्या तर जाणकाराकडून तारांची उंची कमी करून घ्यावी आणि पहिली तार ०.०१० इंचाची असलेला बारीक तारांचा संच लावावा. एवढ्यानेही हात मोकळा होतो.

बसायचे कुठे, याचे उत्तर उन्हाळ्यात गच्ची हे आहे. पहाटे साडेपाचला तिथे हवा गार असते. शेजारच्या गच्चीवर माणसे झोपलेली असतात, म्हणून तेव्हाही अंगठ्यानेच वाजवावे, आणि ऊन चढण्याआधी गिटार खाली न्यावी.

प्रश्न : मुलगी दहावीला आहे. परीक्षा होईपर्यंत गिटार बंद ठेवावी का?
— एक पालक, शहादा

उत्तर : बंद ठेवू नका. शिकवणी हवी तर थांबवा, पण गिटार तिच्या अभ्यासाच्या खोलीतच राहू द्या. गणित संपवून विज्ञानाचे पुस्तक उघडण्याआधी ती दहा मिनिटे वाजवील, तर ती विश्रांती मोबाइल पाहण्यापेक्षा कितीतरी बरी. नवे काही शिकवू नये, येते तेवढेच वाजवू द्यावे. परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस तिने स्वतःहून गिटार बाजूला ठेवली, तर तिला आठवणही करून देऊ नये.