अमेरिकेत संगीत नाटकं टीव्हीवर थेट दाखवली की एवढे लोक का बघतात?

पाठ असलेली गाणी आणि 'आता कोण चुकतंय' ही धाकधूक, मुख्यतः या दोन गोष्टींसाठी. 5 डिसेंबर 2013 रोजी एनबीसी या अमेरिकी वाहिनीने 'द साउंड ऑफ म्युझिक' थेट दाखवलं, ते सुमारे 1 कोटी 85 लाख लोकांनी पाहिलं. नाताळ तोंडावर, गाणी ओळखीची, त्यामुळे आजीपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना एकत्र बसून बघता येतं. नावं ठेवायला बसणारेही असतातच! आपल्या फोंड्याकडे जत्रेच्या नाटकात पद सुरू झालं की पुढच्या रांगेतले जाणते तान कुठे घसरते याकडे कान लावून असतात, त्यातलाच प्रकार. नवलाई मात्र टिकेलच असं नाही: पुढच्याच वर्षी 'पीटर पॅन'ला प्रेक्षक जेमतेम निम्मे, साधारण 92 लाख.