कागद सापडला पाहिजे

*आदरणीय काकू, मी बार्शीला राहते. मराठी घेऊन बी.ए. झाले, वय २३. सोलापूरच्या एका खासगी संस्थेत ‘ऑफिस ॲडमिनिस्ट्रेशन’चा एक वर्षाचा डिप्लोमा आहे. फी ४८ हजार. शंभर टक्के नोकरीची हमी देतात. वडिलांचं किराणा दुकान आहे, ते कर्ज काढायला तयार आहेत. आत्या म्हणते, नुसतं टायपिंग कर, बाकीचं आपोआप येतं. माझं इंग्रजी बेताचंच आहे. काय करू? सोबत संस्थेचं माहितीपत्रक जोडलं आहे. – एक वाचक, बार्शी*

पोरी, तुझ्या पत्रावर तारीख नाही.

रागावू नकोस. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी माझ्याकडे आवक-जावकची वही आहे. तुम्हा वाचकांची पत्रं आली की मी त्यावर आलेली तारीख आणि क्रमांक घालते. घरचे हसतात. तुझं पत्र आवक क्रमांक २१२. अक्षर छान आहे, प्रश्न नेमका आहे आणि माहितीपत्रक ‘जोडलं आहे’ असं लिहून खरंच जोडलं आहेस. हसू नकोस, ‘सोबत जोडले आहे’ लिहिलेल्या आणि आत काहीच नसलेल्या पाकिटांनी माझी तीस वर्षं गेली.

आता ते ४८ हजार. माहितीपत्रक चष्मा लावून दोनदा वाचलं. ‘पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट’, ‘ग्रूमिंग’, ‘कॉर्पोरेट एटिकेट’ यांना दीड पान, टायपिंगला एक ओळ, फायलिंगला अर्धी. प्रमाणपत्र कोणाचं, हे कुठेच नाही. संस्थेत जाऊन तेवढंच विचार. मग गेल्या वर्षीच्या दोन मुलींचे फोन नंबर माग आणि नोकरीची हमी लेटरहेडवर लिहून माग. लेखी मागितलं की बहुतेक ठिकाणी आवाज बदलतो. नाही बदलला तर मला कळव, मी माझे शब्द मागे घेईन. पण वडिलांनी कर्ज काढावं असं त्या कागदात मला काही दिसलं नाही.

तुझी आत्या निम्मी बरोबर आहे. टायपिंग कर, पण प्रमाणपत्र पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेचं हवं, म्हणजे शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र. आता ही परीक्षा संगणकावर होते, टीबीसी म्हणतात. सरकारी लिपिक-टंकलेखकाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द मिनिटाला लागतात. तुझं मराठी पक्कं आहे, तिथून सुरू कर. इंग्रजीही लगोलग कर, खासगीत तेच बघतात. एमएस-सीआयटी करून ठेव, जाहिरातींत मागतात, पण ते केलं म्हणजे एक्सेल आलं असं समजू नकोस. आणि क्लासला पैसे भरण्याआधी तालुक्याच्या सरकारी आयटीआयमध्ये चौकशी कर. तिथे एक वर्षाचा ‘कोपा’ असतो, म्हणजे संगणक चालवण्याचा ट्रेड, काही ठिकाणी लघुलेखनाचाही ट्रेड असतो. फी ऐकून ४८ हजारांचा आकडा तुझा तुलाच बोचेल.

मराठी टायपिंगच्या क्लासमध्ये बहुधा जुन्या टाइपरायटरच्या धाटणीचा, म्हणजे रेमिंग्टनचा कीबोर्ड शिकवतील. परीक्षेपुरता शीक. पण घरी इन्स्क्रिप्ट ही दुसरी मांडणीही बसव. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, मधल्या ओळीत उजवीकडे प-र-क-त-च. पंधरा दिवसांत बोटं बसतात. आणि जे टाइप करशील ते युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल असं कर. जुन्या शिवाजी फाँटमध्ये केलेलं पत्र ज्या संगणकावर तो फाँट नाही तिथे उघडलं की नुसती चिन्हं दिसतात. आमच्या साहेबांनी एकदा असं पत्र बघून मला विचारलं होतं, ‘हे तुम्ही शिव्या देताय का?’

आत्याचं चुकतं ते ‘बाकीचं आपोआप येतं’ या ठिकाणी. बाकीचं आपोआप येत नाही. ते माझ्याकडे कसं आलं ते सांगते.

मी भोसरीच्या एका कारखान्यात १९८६ साली जावक टेबलावर लागले. पहिल्याच वर्षी एका ओतकाम पुरवणाऱ्याचा खराब माल आला. ऑर्डरच्या अटींप्रमाणे १५ दिवसांत लेखी नकार कळवायचा होता. पत्र मीच टाइप केलं, मीच रजिस्टर्ड पोस्टाने टाकलं, जावकमध्ये नोंद केली. पोस्टाची पावती मात्र वहीत चिकटवायची ती ‘उद्या चिकटवू’ म्हणून पर्समध्ये टाकली. दोन महिन्यांनी तो म्हणाला, मला पत्र मिळालंच नाही, बिल द्या. पावती शोधली. टेबलाचे खण उलटे केले, पर्स झटकली, नाही म्हणजे नाही. कंपनीने पैसे भरले. दिवाळीत पर्सचं अस्तर उसवून बघितलं तर आत घडी घातलेली पावती, शिक्का स्वच्छ वाचता येत होता.

मी रडत हेडक्लार्ककडे गेले. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर डिंकाची बाटली आणून ठेवली. कारखाना सोडेपर्यंत ती तिथेच होती. वरचं रबर तीनदा बदललं.

तर तुला शिकायचंय ते हे: मागितलेला कागद दोन मिनिटांत सापडला पाहिजे आणि तो पोचल्याचा पुरावाही सापडला पाहिजे. हल्ली पावतीच्या जागी ईमेल आहे, एवढाच फरक. ‘मी पाठवलं होतं’ म्हणणारी माणसं आजही पाठवलेला मेल शोधत बसतात, कारण विषयाच्या जागी ‘हाय’ लिहिलेलं असतं.

याचा सराव तू आजपासून फुकटात करू शकतेस. तुझ्या वडिलांच्या दुकानात गल्ल्याखाली एक खोका असणारच. त्यात वीजबिलं, होलसेलरची बिलं, शॉप ॲक्टचा कागद, काट्याच्या पडताळणीचा दाखला, बँकेची पत्रं आणि २०११ सालचं एक कॅलेंडर. तो खोका जमिनीवर ओत. आपल्या सरकारी कचेऱ्यांत सहा गठ्ठ्यांची पद्धत आहे, ती लाव. ज्यावर आज काही करायचंय ते पहिल्या गठ्ठ्यात: न भरलेलं बिल, उत्तर द्यायचं पत्र. आपण कळवलंय आणि समोरच्याच्या उत्तराची वाट आहे ते दुसऱ्यात: खराब तेलाचे डबे परत घ्या म्हणून एजन्सीला लिहिलं असेल तर त्याची प्रत. ठरावीक तारखेला करायची कामं तिसऱ्यात, जीएसटीचं विवरणपत्र असेल तर ते इथे. चौथा गठ्ठा कचेरीत स्थायी आदेशांचा असतो. तुझ्याकडे नियम आणि परवाने. पाचवा, काम संपलं पण जपून ठेवायचंय असा. सहावा, फाडून टाकायचा. कॅलेंडर सहाव्यात.

पाचव्या गठ्ठ्यात काय किती वर्षं ठेवायचं, तेही कचेरीत ठरलेलं असतं. ‘अ’ म्हणजे कायमचं, ‘ब’ ३० वर्षं, ‘क’ १०, ‘क-१’ ५ आणि ‘ड’ एक वर्ष. कागद लावून त्यांना हे वर्ग देण्याला निंदणी म्हणतात. शेतातलं तण काढतात तोच शब्द, आणि काम अगदी तसंच: वाकून, एकेक करून, कंबर धरेपर्यंत. माझे मामा नगरच्या कलेक्टर कचेरीत होते. ऐंशीच्या दशकात तिथे अनिलकुमार लखिना कलेक्टर म्हणून आले आणि त्यांनी सगळं दप्तर असं लावून घेतलं. ‘लखिना पॅटर्न’ म्हणून पुढे त्याचं नाव झालं. मामा आधी महिनाभर त्यांच्या नावाने बोटं मोडत. नंतर आमच्या आजीच्या डब्यांनासुद्धा चिठ्ठ्या चिकटवायला लागले.

खोका लागला की वडिलांची उधारीची वही एक्सेलमध्ये घे. नाव, फोन, तारीख, रक्कम. एक खाच आत्ताच सांगते: रक्कम लिहिताना सवयीने ‘५००/-’ लिहू नकोस. ती आडवी रेघ पडली की एक्सेल त्याला आकडा मानत नाही, बेरजेत धरतच नाही, आणि चूक झाली असं सांगतही नाही. एका पगारपत्रकात आमच्याकडे यामुळे अकरा माणसं बेरजेबाहेर राहिली होती.

मग मसुदा. रोज एक पत्र लिही, खऱ्या कामाचं. गल्लीतला दिवा बंद आहे, नगरपालिकेला लिही. वर तारीख, मग विषय, मग आधी काही पत्रव्यवहार झाला असेल तर संदर्भ, मग मजकूर चार ओळी. ‘उपरोक्त विषयान्वये आपणास सविनय कळविण्यात येते की’ असं लिहायचा मोह होईल. तेवढ्यात निम्मी ओळ संपते आणि दिवा बंदच राहतो. ‘आमच्या गल्लीतील खांबावरचा दिवा ३ तारखेपासून बंद आहे. कृपया दुरुस्त करावा.’ झालं. खांबाला नंबर असेल तर तो लिही, वायरमन तोच शोधतो.

इंग्रजीची भीती बाळगू नकोस. ऑफिसातलं इंग्रजी वीस-पंचवीस वाक्यांचं असतं. आलेले मेल वाचून ती वाक्यं वहीत उतरव, त्यात नावं आणि तारखा बदलत जा. मी तेच केलं आणि साहेब मला ‘कॉन्व्हेंटच्या का?’ विचारायचे. मी नूतन मराठी शाळेची.

२०२४ मध्ये राज्य सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तीत पदवीधराला महिना १० हजार विद्यावेतन ठेवलं होतं. अशी जागा जवळपास निघाली तर पकड, आणि विद्यावेतनापेक्षा आवक टेबलावर बसायला मिळतं का ते बघ.

*ताई, मी ४१ वर्षांची, बी.कॉम. बारावीनंतर मशीनवर मराठी टायपिंग ४० पास झाले होते. मुलांमुळे नोकरी केली नाही. आता त्या सर्टिफिकेटचा काही उपयोग आहे का? – एक वाचक, डोंबिवली*

सर्टिफिकेटपेक्षा बोटांचा उपयोग आहे. संगणकात रेमिंग्टनचा कीबोर्ड निवडा आणि डोळे मिटून एक परिच्छेद टाइप करा. बोटांना आठवतं. गोदरेजच्या मशीनवर शिकलेल्यांचा दाब मात्र जोरात असतो, लॅपटॉपवर जरा दया दाखवा.

तुमच्या गावात तुमच्यासारखीला काम म्हणजे गृहनिर्माण सोसायट्या. शंभर सदनिकांच्या सोसायटीला कार्यालय सांभाळणारं माणूस लागतं आणि मिळतं ते बहुधा चावीवाला. तुम्ही बारावीला ‘चिटणिसाची कार्यपद्धती’ शिकला असाल. तेव्हा वैताग वाटला असेल, आता ती काढा. सभेची सूचना, विषयपत्रिका, इतिवृत्त, सगळं तेच आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत, सूचना पूर्ण १४ दिवस आधी. ‘आय’ नमुन्यातली सभासद नोंदवही आणि ‘जे’ नमुन्यातली सभासदांची यादी या दोन गोष्टी अद्ययावत ठेवता आल्या, तर कमिटी तुम्हाला सोडणार नाही. आणि पदवीधर आहात, तर सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए., म्हणजे सहकार आणि हिशेबाच्या पदविकेची परीक्षा द्या. अवघड आहे, एका दमात नाही सुटली तरी चालेल. सोसायटीत आणि पतसंस्थेत दोन्हीकडे ते नाव ओळखतात.

आधी स्वतःच्याच सोसायटीचं दप्तर बघायला मागा. ते बघितल्यावर कामाची कमतरता वाटणार नाही.

*ताई, मी चाकणला एका कंपनीत ‘ॲडमिन एक्झिक्युटिव्ह’ आहे. वय २६. नाव मोठं, पण काम कँटीनचा मेनू, बस, साफसफाई, गेटपास, एसीचा मेकॅनिक. मित्र हसतात. यात शिकण्यासारखं काय आहे? दुसरा कोर्स करू का? – एक वाचक, चाकण*

मित्रांची बस वेळेवर येते का, विचार.

कोर्स नंतर. तुझ्या टेबलावर कँटीन, बस आणि साफसफाई अशा तीन ठेकेदारांची बिलं येतात ना? त्यामागे कामगारांच्या पीएफचं आणि ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, चलन जोडलेलं असतं. बहुतेक जण चलन आहे एवढं बघून सही करतात. तू चलनासोबतची नावांची यादी माग. गेटवरच्या हजेरीवहीतली त्याच महिन्याची नावं शेजारी ठेव आणि पेन्सिलने एकेक नाव जुळवत जा. ठेकेदाराने पीएफ भरला नाही तर तो मूळ कंपनीच्या गळ्यात पडतो, हे तुझ्या साहेबांना माहीत आहे. पण ही जुळवणी करायला त्यांच्याकडे माणूस नाही.

गेटवर आहेत आणि चलनात नाहीत अशी नावं सापडली, तर ठेकेदाराशी आधी बोलू नकोस. यादी कर, महिना आणि तारीख घाल, साहेबांना मेल कर, विषयात ठेकेदाराचं नाव आणि बिलाचा नंबर लिही. बिल तोवर पहिल्या गठ्ठ्यात.